तपासायचं राहिलेलं नाणं

नाशिक शहरात गेल्या पंधरा वर्षांत जेवढी जुनी चांदीची नाणी जमिनीवर पडली असतील, त्यांतली निम्मी माझ्या मामेसासऱ्यांनी मुद्दाम पाडलेली आहेत. मी अंबडच्या एका कारखान्यात तयार मालाची मापं तपासतो. आकडा जपून सांगायची सवय आहे, म्हणून ‘निम्मी’ हा अंदाज आहे हे आधीच कबूल करतो. पण चुकला असेल तर कमीच निघेल, जास्त नाही. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. त्यांना आमच्या घरात, त्यांच्या सोसायटीत आणि गोदाकाठच्या जुन्या नाण्यांच्या विक्रेत्यांत नुसतं ‘मामा’ म्हणतात. त्यांची सगळी नोकरी मनमाडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात झाली. निवृत्तीनंतर ते इंदिरानगरात आमच्या शेजारच्या गल्लीत राहायला आले. येताना सामानात सेलवर चालणारा एक सोनारी काटा, एक भिंग आणि पंचाच्या तुकड्यात गुंडाळलेला काळ्या पाषाणाचा एक दगड होता. दगड साधारण पोळपाटाच्या निम्मा, वरून गुळगुळीत, वजन दोन किलो तीनशे चाळीस ग्रॅम. वजन मी स्वतः केलेलं आहे.

त्यांची माझी पहिली ओळख या दगडावरच झाली. आमच्या साखरपुड्यात माझ्या आईने मुलीच्या ओटीत नारळाबरोबर राणीछाप चांदीचा रुपया घातला. ओटी भरून झाली, बायका उठायला लागल्या, तेवढ्यात मुलीकडच्या रांगेतून एक उंच, वाळका माणूस पुढे आला. त्याने ओटीतला रुपया दोन बोटांत उचलला, पिशवीतल्या काट्यावर तोलला, कड भिंगातून पाहिली, पाण्याच्या पेल्यात बुडवून पाहिला, मग दगड काढून सतरंजी बाजूला सारून मांडला आणि वीतभर उंचीवरून रुपया त्यावर सोडला. माझे वडील रंगाने गोरे, ते हळूहळू लाल व्हायला लागले होते. मामांनी डोळे मिटून आवाज संपेपर्यंत ऐकला, रुपया पुन्हा ओटीत ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “खरा आहे. मुलगाही बरा असणार.” माझ्या सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या. माझे वडील मात्र पुढे आयुष्यभर सांगत राहिले, की आमच्या व्याह्यांकडे एकच माणूस हुशार आहे.

मामांना कुठलीही वस्तू वाजवल्याशिवाय ती आहे असं वाटतच नसे. नारळ, माठ, पितळी डबे हे तर कुणीही वाजवतं. मामा नवा फ्लॅट ताब्यात घ्यायला गेले तेव्हा त्यांनी गुडघ्यांवर बसून सगळ्या फरशा एकेक करून रुपयाने वाजवल्या. पोकळ आवाज देणाऱ्या अकरा फरशांवर खडूने फुल्या मारल्या. बिल्डरचा माणूस म्हणाला, “काका, वरून तर सगळ्या सारख्याच दिसतात.” मामा म्हणाले, “दिसायला मीही अजून पंचावन्नचा दिसतो.” अकराच्या अकरा फरशा बदलून घेतल्या. भाजीबाजारात मखमलाबादकडची एक बाई बसायची. तिच्याकडची कलिंगडं मामा कान लावून, एकेक करून इतका वेळ वाजवत, की ती एकदा वैतागून ओरडली, “ओ बाबा, घ्यायचं तर घ्या! कलिंगड हाय ते, ढोलकी नाय!” मामांनी शांतपणे एक कलिंगड उचलून तिच्या पुढ्यात ठेवलं आणि “हे आतून पांढरं आहे, गिऱ्हाईकाला देऊ नकोस,” म्हणाले. तिने हट्टाने कापलं. पांढरं निघालं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती मामांना हाक मारून बोलवी आणि ढीग निवडून घेई.

पण त्यांचा खरा जीव चांदीच्या जुन्या नाण्यांत. त्यातही रोजच्या रुपयापेक्षा, परदेशी व्यापारासाठी मुद्दाम पाडलेल्या मोठ्या नाण्यांत. एरवी आपल्या माणसाला हा प्रकार माहीत नसतो. मलाही मामांनीच सांगितलं, की आपल्या मुंबईच्या टांकसाळीत एके काळी चीन आणि मलायाकडच्या व्यापारासाठी चांदीचा डॉलर पाडत असत. रुपयाच्या दुपटीहून जड, वजन सव्वीस पूर्णांक पंचाण्णव ग्रॅम. त्यावर राजाही नाही, राणीही नाही. एका बाजूला हातात त्रिशूळ आणि ढाल घेतलेली उभी बाई, दुसऱ्या बाजूला चिनी आणि मलायी अक्षरं. गोदीत काम करणाऱ्या, बोटीवर जाणाऱ्या माणसांबरोबर असली नाणी कुठल्या कुठल्या गावांत येऊन पडलेली असतात. आणि जे नाणं महाग विकलं जातं त्याची नक्कलही निघतेच.

नक्कल ओळखायला मामा चार साक्षीदार बोलावत: काटा, कड, पाणी आणि कान. काट्यावर वजन. कडेवरचे दाते भिंगातून पाहायचे, कारण साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेला कुठेतरी सांधा राहतो आणि दाते तुटक येतात. मग नाणं दोऱ्याने बांधून काट्यावरच्या पाण्याच्या पेल्यात अधांतरी सोडायचं आणि किती पाणी बाजूला होतं ते पाहायचं. शेवटी दगड. माझ्याकडचा व्हर्निअर ते मागून घेत आणि जाडी मोजायला लावत. “जावईबापू, नकली नाण्याची एकच अडचण असते बघा,” ते मला म्हणाले होते, “वजन जुळवायला जावं तर ते जाड होतं, जाडी जुळवावी तर हलकं पडतं. त्याला एका वेळी एकच गोष्ट जमते.” चौघांची साक्ष जुळेपर्यंत ते तोंड उघडत नसत. तिघे एक म्हणाले आणि चौथा गप्प राहिला, तर नाणं परत द्यायचे आणि “आज सांगता येत नाही,” म्हणायचे.

दर रविवारी सकाळी ते घाटावर जात. तिथे जुनी नाणी पथारीवर मांडून बसणारे चार-पाच विक्रेते होते. मामा लांबून दिसले की त्यातले निदान दोघे नाण्यांवर फडकं टाकत. मी एकदा बरोबर होतो. एक विक्रेता हात जोडून म्हणाला, “मामा, बोहनी होऊ द्या हो आधी. तुमी आले की गिऱ्हाईक माल सोडून तुमच्या तोंडाकडं बघतं.” मामा म्हणाले, “मी कुठे काय बोलतो?” तो म्हणाला, “तेच तर ना! तुमी बोलत नाय अन् मान बी हलवत नाय. लय नुकसान हे त्यात.” आणि गंमत अशी, की एवढं जाणणाऱ्या या माणसाने स्वतःसाठी कधी एकही नाणं विकत घेतलं नाही. त्यांच्याजवळ दोनच रुपये होते. खरा राणीछाप उजव्या खिशात आणि खोटा डाव्या खिशात. दोन्ही नमुन्यादाखल. धुवायला सदरा टाकताना मामी दोन्ही खिशांतले रुपये दोन वेगळ्या वाट्यांत काढून ठेवत. त्यात चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एकदाही अदलाबदल झाली नाही.

दोन गोष्टी मात्र मला बरीच वर्षं उलगडल्या नव्हत्या. एक म्हणजे तो दगड. कुणाच्याही घरी, कितीही चांगली फरशी असली तरी मामा स्वतःच्या दगडाशिवाय नाणं वाजवत नसत. “परक्या जमिनीवर नाणं वाजवू नये,” एवढंच म्हणत. दोन किलो तीनशे चाळीस ग्रॅमचं ओझं त्यांनी लग्नकार्यात, एसटीत, एकदा तर दवाखान्यातसुद्धा नेलेलं मी पाहिलं आहे. दुसरी गोष्ट अशी, की त्यांच्या तोंडून ‘खोटं’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. नाणं चांगलं असलं की “खरं आहे” म्हणायचे. नसलं की “हे घरातच ठेवा, विकू नका,” म्हणायचे, आणि तेही खालच्या आवाजात. एकदा चांदवडकडचा एक शेतकरी बायकोच्या माळेतले बारा रुपये तपासायला घेऊन आला. बायकोही बरोबर होती. मामांनी बाराही रुपये तपासले, शेवटी वाजवले आणि “सगळी माळ घरातच ठेवा, फार छान आहे,” म्हणून सांगितलं. ती बाई खूश होऊन गेली. मी विचारलं, “मामा, बारापैकी खरे किती?” ते म्हणाले, “एक. पण माळ तिच्या आईची आहे.”

या दोन्हींचं कारण मला माझ्या बायकोने सांगितलं, आणि तिला तिच्या आईने.

मामींचं माहेर चांदवडजवळच्या एका खेड्यातलं. त्यांचे आजोबा मुंबईला गोदीत हमाल होते. त्यांनी गावी येताना तो त्रिशूळवाल्या बाईचा डॉलर आणला होता. हातात त्रिशूळ आहे म्हटल्यावर गावाकडे तिला दुसरं कोण समजणार? ती रेणुकामाता झाली आणि देवघरात बसली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मामा सासरी गेले, तेव्हा मामींच्या वडिलांनी घरातली सगळ्यांत मोलाची वस्तू म्हणून ते नाणं जावयाच्या ताटात ठेवलं. मामा तेव्हा सव्वीस वर्षांचे, नवी रेल्वेची नोकरी. पार्सल ऑफिसात खोटी नाणी खपवणाऱ्यांशी रोज गाठ पडायची, म्हणून आपल्याला सगळं कळतं असा भरवसा. त्यांनी नाणं उलटंसुलटं पाहिलं. राजा नाही, राणी नाही, सरकारचं नाव कळत नाही, मागे चिनी रेघोट्या. मग ते जमिनीवर टाकलं. ‘थप्प’ असा आवाज आला. आणि भरल्या घरात, पंगतीत बसलेल्या पाहुण्यांसमोर जावई म्हणाले, “हे खोटं आहे.”

जमीन शेणाने सारवलेली होती. सारवलेल्या जमिनीवर कुठलं नाणं वाजणार? हे मामांच्या लक्षात यायला तीन वर्षं लागली. मनमाडच्या एका सराफाकडे त्यांनी तसंच नाणं पाहिलं. त्याने ते काचेच्या टेबलावर टाकलं आणि ते खणखणीत वाजलं. पण तोवर मामींचे वडील वारले होते. दिवाळीच्या त्या दिवशी त्यांनी नाणं ताटातून उचलून मुलीच्या हातात दिलं होतं, आणि पुढे तो विषय कधीच काढला नव्हता. सराफाकडून घरी येऊन मामांनी मामींना म्हटलं, “ते नाणं दे जरा, पुन्हा बघतो.” मामींनी देवघरासमोर उभं राहून सांगितलं, “एकदा बघितलंत ना? चार माणसांत सांगितलंतही. माझ्या देवाला आता तुमचा शिक्का नको.”

तिथून हे सगळं सुरू झालं. काटा, भिंग, दगड, घाट, सगळंच. मामा गावभरची नाणी तपासत राहिले, आणि ज्या एका नाण्यासाठी ही विद्या शिकले ते रोज सकाळी त्यांच्यासमोर सहा हातांवर, हळदकुंकवाने लाल झालेलं, देवघरात बसलेलं असे. तसलं नाणं खरंही असतं एवढं त्यांना कळलं होतं. पण हेच नाणं खरं की त्याची नक्कल, हे कळायचा मार्ग नव्हता. पहिल्यापासून नक्कल असेल तर शब्द चुकला नव्हता, फक्त जागा चुकली होती. खरं असेल, तर एका भल्या माणसाला त्याच्याच घरात आपण खोटं पाडलं होतं. मामी महिन्यातून एकदा ते चिंचेने घासत तेव्हा मामा पेपर वाचल्यासारखं करून कडेकडे पाहत बसत. चोरून हात लावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मी एकदा आगाऊपणे मामींना सांगितलं, की ती मूर्ती रेणुकामातेची नाही. त्यांनी मला चहा देता देता उत्तर दिलं, “विलायतेची बाई आहे ती, ठाऊक आहे मला. पण पंचेचाळीस वर्षं माझं हळदकुंकू घेतेय. आता कुठे जातेय परत?”

मागच्या वर्षी मामांच्या कानांनी दगा द्यायला सुरुवात केली. दारावरची बेल ऐकू येईना, मग कुकरच्या शिट्ट्या, मग नातवंडांचे फोन. मुलाने कानाचं मशीन आणून दिलं, तर मामांनी ते दोन दिवस लावून डबीत ठेवलं. “मशीनमधून येतो तो मशीनचा आवाज. मला नाण्याचा पाहिजे,” म्हणाले. आपल्याला ऐकू येत नाही हे ते कुणाला कळू देत नव्हते. नाणं टाकल्यावर पूर्वीसारखे डोळे मिटत, पण मनात आकडे मोजून उघडत. मी स्वतः मोजणारा माणूस असल्याने मला ते ओळखता आलं.

गणपतीनंतर एकदा सातपूरकडचा एक गृहस्थ आईने ठेवलेला राणीछाप रुपया घेऊन आला. त्या दिवशी काट्यातला सेल संपला होता. मामांनी कड पाहिली. ती इतकी झिजली होती की तिच्यावरून काही सांगता येईना. मग नाणं दगडावर तीनदा टाकलं आणि तिन्ही वेळा डोळे मिटले. पाण्याची परीक्षा झालीच नव्हती. तरी, सासरच्या त्या दिवाळीनंतर पहिल्यांदाच, ते चारही साक्षी न घेता खालच्या आवाजात म्हणाले, “हे घरातच ठेवा.” गृहस्थाचा चेहरा उतरला. तो चपला घालत होता, तोच स्वयंपाकघराच्या दारातून मामी म्हणाल्या, “थांबा हो भाऊ. खरं आहे ते.” मामांनी वळून पाहिलं. मामींनी पिठाचे हात तसेच ठेवून पुन्हा मोठ्याने सांगितलं, “खरं आहे म्हणते मी! दुसऱ्यांदा टाकलंत तेव्हा तर भांड्यांपर्यंत आवाज आला.” मी शेजारच्या दुकानातून सेल आणला. वजन केलं, पाणी केलं. झीज धरून सगळं बरोबर आलं. मामांनी त्या गृहस्थाला हात जोडून “खरं आहे,” असं सांगितलं, जिन्यापर्यंत सोडायला गेले, परत आले, दगड पंचाच्या तुकड्यात गुंडाळला आणि कपाटावर चढवून ठेवला. त्यानंतरच्या रविवारी ते घाटावर गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. एका विक्रेत्याने मला विचारलं, “मामा बरे हायेत ना? फडकं टाकायची सवयच गेली राव.”

लक्ष्मीपूजनाला आम्ही दरवर्षी संध्याकाळी त्यांच्याकडे जातो. या वेळी पूजा झाली, लाह्या-बत्तासे वाटून झाले, आणि मामींनी मला स्टुलावर चढून कपाटावरचा दगड काढायला सांगितला. मला वाटलं, पूजेला ठेवायचा असेल. त्यांनी तो मामांच्या पुढ्यात मांडला. काटा मांडला, भिंग मांडलं, पाण्याचा पेला भरून ठेवला. मग देवघरातून ते नाणं आणून, पदराने पुसून, त्यांच्या तळहातावर ठेवलं.

“बाबांचं तेवढं राहिलंय,” त्या त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या. “ते तपासा, आणि मग खुशाल ठेवा दगड वर.”

मामांनी नाणं काट्यावर ठेवलं. सव्वीस पूर्णांक एकसष्ट. चौतीस सेंटिग्रॅम कमी. पण इतक्या वर्षांची चिंच आणि हळदकुंकू धरलं तर एवढं जायलाच हवं, असं मी सांगितलं, आणि मामांनी मान हलवली. कड भिंगातून पूर्ण फिरवून पाहिली. दाते झिजले होते, पण अखंड होते, सांधा नव्हता. पाण्याचा हिशेब मी केला, दोनदा केला. चांदीचाच आला. मग मामांनी त्रिशूळाच्या मधल्या टोकावरचं कुंकू नखाने अलगद काढलं आणि भिंग माझ्याकडे दिलं. तिथे मुंबईच्या टांकसाळीचं इवलंसं इंग्रजी ‘बी’ अक्षर होतं.

तीन साक्षी झाल्या. राहिला कान. माझ्या बायकोने पंखा बंद केला. मामांनी वीतभर उंचीवरून नाणं दगडावर सोडलं.

तो आवाज मी काय सांगू? बारीक, स्वच्छ, आणि सरळ वर जाणारा. मी सवयीने मनात अंक मोजले. सात होईपर्यंत तो खोलीत होता. मामांनी डोळे मिटलेच नाहीत. ते मामींकडे पाहत होते.

“आला का?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला नाही आला?”

“नाही.” इतक्या लोकांसमोर त्यांनी हे पहिल्यांदाच कबूल केलं. “तीन साक्षींवर मी बोलत नाही, तुला माहीत आहे. एकदा एकाच साक्षीवर बोललो होतो. तुझ्या बाबांना...”

मामी गुडघ्यावर हात टेकत त्यांच्या शेजारी बसल्या. दोन्ही हातांची ओंजळ त्यांच्या कानाभोवती धरली, आणि तोंड जवळ नेऊन तो आवाज स्वतः काढला. “टिं—ऽऽऽ.” सुरुवातीला आमच्या मुलीला हसू आलं, मग नाही आलं. मामांनी डोळे मिटले. कुणी हलू नये म्हणून एक हात वर केला, आणि मामींचा श्वास संपेपर्यंत तो तसाच वर धरला.

“खरं आहे,” ते म्हणाले. मग भिंतीवरच्या मामींच्या वडिलांच्या फोटोकडे वळून, तितक्याच मोठ्याने, पुन्हा एकदा म्हणाले.

मामींनी नाणं उचललं, बोटाने कुंकू लावलं आणि त्यांना बजावलं, “आता रोज सकाळी तुम्हीच पुसायचं ते. चिंचेने नाही, नुसत्या फडक्याने. झीज होते म्हणे.”

दगड अजून खालीच आहे. रविवारी मामा घाटावर जातात, पण आता मामींना बरोबर घेऊन. ते टाकतात, त्या ऐकतात. नाण्याचा आवाज त्या संध्याकाळी सात अंकांपर्यंत टिकला होता, आणि मामींचा अकरापर्यंत. मी कारखान्यात केसाएवढा फरकही खपवून घेत नाही. पण या चार अंकांबद्दल मी आजपर्यंत कुणाकडे काही बोललेलो नाही.